चार मिलिमीटरचा पूल

रविवार, 9 फेब्रुवारी. सकाळी साडेदहाला दातांचे डॉक्टर आले. चहा घेतला, बिनसाखरेचा. भाऊजींच्या दुकानातला अर्धा पूल क्लबातल्या दुसऱ्या अर्ध्याजवळ सुखरूप पोचल्याचं सांगितलं. मार्चमधल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत भाऊजींवर दोन पानं हवीत, ती मी लिहावी म्हणाले. पुस्तिकेचा कच्चा मजकूर ठेवून गेले. पडदे धुतले. दुपारी झोप नाही.

झोप का नाही, ते डायरीत लिहिलं नाही. कच्च्या मजकुरात एक वाक्य होतं: ‘आमच्या क्लबाच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चूक चार मिलिमीटरची, आणि ती करणारा सभासद सर्वांत लाडका.’ डॉक्टरांनी ते प्रेमानंच लिहिलं आहे. पण ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे सांगू शकेल असं माझ्याखेरीज आता कोणी उरलेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. तीन महिन्यांपूर्वी गेले. व्यवसायानं बुकबाइंडर. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘वहिनी, माझ्या दुकानात बसायला एकच स्टूल आहे.’ दुकान बोळाच्या टोकाला, दहा बाय आठचं. आत शिरलं की खळीचा आंबूस वास यायचा. भिंतीला टेकून पुठ्ठ्यांच्या थप्प्या, मधे लोखंडी दाबयंत्र आणि त्याखाली कोणाची तरी जुनी पुस्तकं श्वास रोखून बसल्यासारखी दाबून ठेवलेली. माझी डायरी दर वर्षी तेच बांधून द्यायचे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः आणून द्यायचे, काळ्या कापडाची, मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदाचा खिसा लावलेली. ‘तुम्ही चिठ्ठ्याचपाट्या जपता, त्या कुठे कोंबणार?’ म्हणून हा खिसा त्यांनी पहिल्याच वर्षी लावून दिला होता.

माझे यजमान पाणीपुरवठा कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दोघा भावांना लहानपणापासून आगगाडीचं वेड. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर अकरा जणांचा क्लब होता आणि दर दोन वर्षांनी नगरभवनात त्यांचं प्रदर्शन भरायचं. त्यासाठी टेबलाच्या उंचीवर एक अख्खा मुलूख उभा करायचे. त्याला ते लेआउट म्हणत. प्रत्येकानं चार फुटांची एक फळी घरी तयार करायची, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळ्या फळ्या एकमेकींना बोल्टनं जोडायच्या. तारेला पीळ देऊन झाडं करायची, लाकडाचा भुसा रंगवून गवत. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती डॉक्टर आपल्या दवाखान्यातल्या पिचकारीनं थेंब थेंब डिंक सोडून चिकटवायचे. डॉक्टर क्लबाचे अध्यक्ष, हे चिटणीस.

भाऊजी सगळं पुठ्ठ्याचं करायचे. घरं, कुंपणं, पाण्याची टाकी, हमालाच्या डोक्यावरची ट्रंकसुद्धा. एका प्रदर्शनासाठी त्यांनी स्टेशनाची इमारत केली होती, फिकट पिवळ्या रंगाची, उन्हानं विटल्यासारखी. ह्यांच्या नकाशात इमारत दगडी होती. प्रदर्शनाला आठवडा उरला असताना ह्यांनी कोणाला न विचारता ती करडी रंगवून टाकली. भाऊजी आले, त्यांनी पाहिलं. चामडं कापायच्या सुरीनं इमारत बुडापासून सोडवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घेऊन गेले. त्या वर्षी लेआउटवर फलाट होता, स्टेशन नव्हतं, आणि करंगळीच्या पेराएवढे प्रवासी उघड्यावर उभे होते. ह्यांनी तिथे ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली.

त्यानंतर दोन वर्षं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. हे क्लबात शनिवारी जायचे, भाऊजी बुधवारी. निरोप माझ्यामार्फत. ‘तुझ्या दिराला सांग, क्लबाची करवत परत कर.’ ‘दादाला सांगा, करवत क्लबातच आहे, चष्मा पुसून बघ.’ मी गुरुवारी भाऊजींना डबा द्यायला जात असे, तेव्हा हे निरोपही डब्यातून गेल्यासारखे जायचे. हसू यायचं, पण आतून जीव तुटायचा. घरात तिसरं कोणी नव्हतं आणि ह्यांना दुसरं कोणी जवळचं नव्हतं. संध्याकाळी बोळाच्या बाजूच्या खिडकीत उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, हवा घेतोय.

पुढच्या लेआउटचा आराखडा करताना डॉक्टरांनी दोघांच्या फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मधे नदी. नदी बरोबर सांध्यावर, आणि तिच्यावरचा पूल अर्धा एकाच्या फळीवर, अर्धा दुसऱ्याच्या. डॉक्टर मला हळूच म्हणाले, ‘दोघांना एकाच नदीत उतरवलंय. बोलल्याशिवाय बाहेर कसे येतात बघू.’

ते बोलले नाहीत, पण कामाला लागले. ह्यांनी पुलाचा नकाशा काढला, मी तो भाऊजींना नेऊन दिला. भाऊजींनी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना मागून बोथट सुई टोचून पुलाच्या तुळयांवर रिव्हेटा उठवल्या, एका बाजूला सहाशे. ह्यांना कळलं तेव्हा ह्यांनीही आपल्या बाजूला सहाशे उठवल्या, मोजून. एकदा मी सांगितलं की भाऊजींनी पुलाखाली कपडे धुणारी बाई बसवली आहे. तर हे म्हणाले, ‘तिला वाळत घालायला माझ्या काठावर दोरी लागेल.’ आणि त्यांनी दोरी बांधली. मी त्या दिवशीच्या नोंदीखाली रेघ मारली आहे. मी सहसा रेघ मारत नाही.

आता राहिली उंची. लाईन चढाची होती. भाऊजींच्या फळीवर स्टेशनातून निघून ती पुलापर्यंत चढत यायची, म्हणजे पुलावर रूळ किती उंचीवर येतो हे भाऊजींनी सांगायचं आणि ह्यांनी आपली बाजू त्याला मिळवून घ्यायची. हे म्हणाले, ‘आकडा लेखी हवा. पण त्याच्या हातचा कपटा मला नको. तू नीट लिहून दे.’

गुरुवारी मी दुकानात गेले. भाऊजींचे हात खळीत होते. त्यांनी दोन बोटांत जाड पेन्सिल धरून पुठ्ठ्याच्या कातरणीवर आकडा लिहिला आणि ती माझ्याकडे सरकवली. तोंडानं आकडा म्हणाले नाहीत. तोंडात दोऱ्याचं टोक होतं. घरी येऊन मी एका स्वच्छ कार्डावर शाईनं उतरवला: रुळाचा माथा, चौकटीच्या तळापासून, 118 मि.मी. कातरण डायरीच्या खिशात ठेवली.

कातरणीवर ११४ होतं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आकडे मी उशिरा, आईकडून शिकले आणि डायरीत अजूनही इंग्रजीच आकडे लिहिते. ११ मी बरोबर वाचले. ४ मी 8 वाचला. त्या चारची वरची दोन टोकं एकमेकांना चिकटली होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ती चिकटली नव्हती. कातरण आज माझ्यासमोर आहे. टोकांच्या मधून पेन्सिलीचं टोक सहज जाईल.

नगरभवनात फळ्या जोडायच्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन गेले होते. दोघे भाऊ पुलाच्या दोन बाजूंना उभे होते, दोन वर्षांत पहिल्यांदा इतके जवळ. डॉक्टरांनी फळ्या सरकवल्या. नदीला नदी मिळाली, काठाला काठ. पूल मिळाला नाही. मधोमध पायरी पडली होती. ह्यांनी पट्टी लावली. चार मिलिमीटर.

हे म्हणाले, ‘मला एकशे अठरा कळवलं होतं.’ भाऊजी म्हणाले, ‘मी एकशे चौदा दिलं होतं, दादा.’ दादा ही हाक दोन वर्षांनी आली होती. ह्यांनी खिशातून कार्ड काढलं. ‘हे बघ. तुझ्या वहिनीच्या हातचं आहे.’

भाऊजींनी कार्ड हातात घेतलं. पुस्तकाचं पान उसवलं आहे का हे बघताना धरायचे, तसं उजेडाकडे धरलं. मग माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. आणि म्हणाले, ‘हो. मीच अठरा म्हणालो असेन. बोलताना चुकलो.’

ते त्या दिवशी आकडा बोललेच नव्हते. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्यांनी ‘बोलताना’ म्हटलं आणि मला कळलं की चूक कोणाची, आणि त्यांनाही कळलंय.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. कातरण घरी होती, पण बोलायला कातरण लागत नाही. क्लबातले सगळे उभे होते. माझ्या अक्षराची आणि नोंदींची तिथे ख्याती होती. क्लबाची सभासद वही मीच लिहायची. मी थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

हे भावाला म्हणाले, ‘तू चुकलास? आयुष्यात एक पान वाकडं कापलं नाहीस तू. हे तू मुद्दाम केलंस.’

भाऊजी म्हणाले, ‘दादा, संध्याकाळपर्यंत होईल. मी माझी बाजू उचलून पाचर घालतो, तू फक्त धर.’

‘तू काही उचलू नकोस. उचलायचं ते स्टेशन मागेच उचललंस.’

हे निघून आले. टेबलावर राहिलेलं कार्ड मी उचलून आणलं आणि कातरणीजवळ ठेवलं. त्या प्रदर्शनात दोन्हीकडून गाड्या पुलापर्यंत यायच्या, थांबायच्या आणि मागे जायच्या. लोक विचारायचे, पलीकडे का जात नाही? डॉक्टर सांगायचे, चार मिलिमीटरचा प्रश्न आहे. तेव्हापासून क्लबात भाऊजींचं नाव ‘चार मिली’ पडलं. नवीन आलेले सभासदही म्हणायचे, ‘काय चार मिली, चहा घेणार?’ आणि भाऊजी म्हणायचे, ‘अर्धा कप. मोजून द्या.’ हे नाव त्यांनी बावीस वर्षं वापरलं, कुरकुर न करता, दुसऱ्याचा कोट अंगावर घालून हिंडावं तसं.

त्या डिसेंबरात ते डायरी घेऊन येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. हे बाहेर गेलेले बघूनच आले. डायरी उघडली तर प्रत्येक पानावर क्रमांक छापलेला होता, डाव्या कोपऱ्यात मराठीत, उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत. १ आणि 1. ४ आणि 4. तीनशे पासष्ट पानं त्यांनी हातानं शिक्के मारून भरली होती. मी वर बघितलं तेव्हा ते पायात चपला सरकवत होते. म्हणाले, ‘सोय होईल, वहिनी.’ तो टोमणा होता की माया, मी कधी विचारलं नाही. पुढची सगळी वर्षं डायऱ्या तशाच आल्या. ह्यांनी एकदा चाळून बघितली आणि म्हणाले, याला आता हे काय नवीन खूळ.

हे आजारी पडले तेव्हा शेवटच्या महिन्यात एकदा दुपारी म्हणाले, ‘त्यानं तसं का केलं असेल गं? मी दोरीसुद्धा बांधली होती.’ मी म्हटलं, गोळी घ्यायची राहिली आहे तुमची. आणि पाणी आणायला गेले. पाणी घेऊन आले तेव्हाही सांगता आलं असतं. ह्यांना त्या दिवशी बरं वाटत होतं, बोलायला दम होता, भाऊजी चार मिनिटांच्या अंतरावर दुकानात होते. मी गोळी दिली आणि वेळ लिहून ठेवली.

हे गेल्यावर भाऊजी पुन्हा घरी येऊ लागले. पहिल्याच वर्षी मी धीर करून म्हटलं, ‘भाऊजी, त्या पुलाचं मला सांगायचंय.’ ते डायरीच्या पानावरून हाडाची पट्टी फिरवत होते. म्हणाले, ‘यंदा कागद जरा जाड मिळालाय. शाई फुटणार नाही.’ थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाले, ‘दादा तुम्हाला कधी बोलला नाही ना त्यावरून? मग झालं.’ मी पुढे बोलले नाही. त्यांनीच विषय बंद केला अशी सबब मला मिळाली आणि मी ती घेतली.

क्लबातल्यांना एवढंच सांगायचं आहे. भाऊजींच्या हातून चूक झाली नाही. त्यांनी ११४ दिलं होतं आणि रूळ ११४ वरच होता. त्यांनी एकच खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी, आणि त्या खोट्यापायी सख्खा भाऊ कायमचा गमावला. मला तो त्यांना एका वाक्यात परत देता आला असता.

आज सकाळी डॉक्टरांना बोलावून इथवरची पानं दिली, सोबत कातरण आणि कार्ड. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. ‘चार मिली’ हे नाव त्यांनीच पाडलेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मग विचारलं, ‘हे असंच छापायचं? तुमच्या नावानिशी?’

मी म्हटलं, ‘नावानिशी. आणि तुमचं ते वाक्य काढा.’

‘काढतो,’ म्हणाले. उठताना दारात थांबून म्हणाले, ‘पूल जोडूया का या वेळी? मी पाचर घालतो.’

मी म्हटलं, जोडायला आता कोण आहे. तसाच ठेवा, आणि चूक कोणाची ते खाली लिहा. अक्षर माझं चालेल.

डॉक्टर गेले. संध्याकाळच्या नोंदीत लिहिलं: पानं दिली. पाण्याची टाकी साफ करणारा उद्या नऊला येणार आहे, बादल्या भरून ठेवल्या.