डिस्कच्या पेटीतली गावं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्याला एका खासगी सर्वेक्षण ठेकेदाराकडे मी टायपिस्ट होते. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली घरं, विहिरी, झाडं यांच्या भरपाईसाठीच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, हे माझं काम. याद्या आणायचे ते काका, लाखनीकडचे, पन्नाशी ओलांडलेले मोजणीदार. ते सायकलवर गावोगाव हिंडून वहीत लिहायचे, मी टाइप करायची.

कॉम्प्युटरशेजारी बिस्किटांच्या डब्याएवढी एक वेगळी पेटी होती, जाड केबलने जोडलेली. हार्ड डिस्क. सगळ्या याद्या तिच्यात. रोज संध्याकाळी त्यांची नक्कल फ्लॉपींवर घ्यायची, असं नागपूरच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एक फ्लॉपी घाला, थांबा, काढा, दुसरी घाला. तेवढ्यात माझ्या गावची शेवटची एसटी निघून जायची. मी रोजची नक्कल शनिवारवर ढकलली, मग शनिवारही चुकवू लागले. असे पाच आठवडे गेले.

मे महिन्यातल्या एका सकाळी बटण दाबलं, तर पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही.

बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. केबल काढून बघितली. टोकाची एक पिन वाकली होती. केसातल्या आकड्याने ती हलकेच सरळ केली आणि पुन्हा जोडली. तरी तेच. पेटीला कान लावला. आत काहीतरी फिरत होतं, मध्येच टक टक करून थांबत होतं.

काका मागे उभे होते. "फिरून तर राहिली, मंग वाचत काहून नाही?"

"माहीत नाही, काका."

वीज कमी दाबाची असेल म्हणून स्टॅबिलायझर बदलून आणला. दुपारी साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "नक्कल आहे ना?"

"पाच आठवड्यांची नाही, सर."

मग म्हणाले, "मेकॅनिक पाठवतो."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. घामाने निथळत त्याने कॉम्प्युटर उघडला, आतलं कार्ड काढून पुसलं, स्वतःजवळचं बसवून पाहिलं. शेवटी पेटीच उचलून कूलरसमोर ठेवली. "गरम झाली की अडकते. थंड होऊ द्या. चालली तर हात चालवा, मॅडम. पुन्हा चालेल याचा भरोसा नाही."

तासाभराने ती चालली. मी फ्लॉपी घालत गेले, काढत गेले. नक्कल नसलेल्या पाच गावांपैकी दोन निघाली. तिसऱ्याच्या मध्यावर टक टक सुरू झाली, आणि पेटी कायमची गप्प झाली.

उरलेल्या तीन गावांपैकी दोन गावांच्या वह्या काकांकडे होत्या. नागपूरहून नवी पेटी आली, ते वाचत गेले, मी पुन्हा टाइप करत गेले. आठ दिवस. पाठ धरून आली, डोळे चुरचुरायचे. उरलेल्या एका गावाची वही नागपूरला गेली होती आणि तिथे कुणालाच सापडत नव्हती.

"चल," काका म्हणाले. "पुन्यांदा मोजू."

वैनगंगेच्या काठचं गाव. पहिल्याच घरी एक बाई अंगणात गोवऱ्या रचत होती. काकांना ओळखून तिने हात धुतले.

"आता कायले आले जी? आंबा, फणस, विहीर, सारं लिहून नेलं ना तुमी?"

काका माझ्याकडे बघू लागले. सांगायचं मलाच होतं.

"मशीनमध्ये होतं, ते गेलं," मी म्हणाले. "नक्कल ठेवायची होती, ती मी ठेवली नाही. चूक माझी आहे."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "उनातून आल्या," ती म्हणाली. "पयले पानी प्या."

मग एकेक झाड हाताने दाखवत ती सांगत गेली. घरामागे कुडाची एक खोपी होती. काकांनी विचारलं, "सासरा तुझा वेगळा रांधे ना? त्याची चूल वेगळी लिहिली होती मी." वेगळी चूल म्हणजे यादीत वेगळं कुटुंब, भरपाईही वेगळी.

"बुढा गेला जी. पंधरा दिस झाले."

काका माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "तू टाइप केलं होतं. नाव आठवते का त्याचं?"

मला आठवलं नाही. शेकडो नावं बोटांखालून गेली होती. बाईनेच सांगितलं. काकांनी ते लिहिलं, वेगळ्या चुलीसकट, आणि समोर आपल्या पहिल्या भेटीची तारीख टाकली.

"काका, आता तर..."

"मी आलो तवा माणूस जिता होता," ते म्हणाले. "माह्या डोळ्यानं पायला."

दुसऱ्या दिवशी मी ते जसं होतं तसं टाइप केलं आणि त्याच संध्याकाळी नक्कल घेतली. एसटी गेली, मी काकांच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला.

महिनाअखेरीस यादी पूर्ण झाली. म्हाताऱ्याच्या चुलीबद्दल नागपूरहून कुणी विचारलं नाही. त्या घराला तिची वेगळी भरपाई मिळाली की नाही, हे कळण्याआधीच मी दुसरीकडे कामाला लागले होते. परत जाऊन विचारायचं बळ, खरं सांगायचं तर, मी कधी गोळा केलं नाही.