थोडी ओल

खडतकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एम.एस्सी.च्या सुटीत मुकुटबनला आमच्या वावरात कापूस वेचत होतो. कमरेला बांधलेली कापसाची ओटी अर्धी भरली होती... ती पूर्ण भरली, मग बांधावर येऊन बसलो.

बी.एस्सी.ला सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. शेवटच्या वर्षी त्यांनी मला सेमिनारसाठी विषय दिला, युरेनियम हेक्झाफ्लोराइड. ते गुलाबी बोंडअळीचं साल होतं, कापूस हातचा गेला होता. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "सेमिनार झाला का घरी ये. आता कायले शिकतं?" मीही कॉलेज सोडायचं ठरवलंच होतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं.

सेमिनारमध्ये मी पाठ केलेलं बोललो. किरणोत्सारी धातूचं हे संयुग, पांढरे स्फटिक, तापवले की न वितळता कापरासारखी थेट वाफ. पाण्याशी मात्र त्याचं जमत नाही. सरांनी विचारलं, काचेच्या भांड्यात भरलं आणि आत किंचित ओल राहिली, तर?

"थोडी ओल चालते, सर."

वर्ग हसला. आमच्याकडे व्यापारी कापसात हात घालून ओल पाहतो, थोडी असली तर भाव तोडतो, पण माल घेतो. माझ्या डोक्यात तेच होतं. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन समीकरणं लिहिली. पाणी या संयुगाला भिडतं, त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतं, ते काच खातं, आणि काच खाताना पुन्हा पाणी तयार होतं. पाण्याचे दोन रेणू गेले, दोन परत आले.

"ओल संपतच नाही, बघ. सोमवारी पुन्हा सेमिनार दे."

सोमवारी दिला, तर त्यांनी नवा प्रश्न काढला आणि उत्तर पुढच्या सोमवारी मागितलं. "तुया सेमिनार हाये का कोर्टाची तारीख?" बाबा वैतागले. असं करत करत परीक्षा आली. सर हे मुद्दाम करत होते का, मी कधी विचारलं नाही...

घरी निघताना सर रोज प्रयोगशाळेतल्या डेसिकेटरकडे बघायचे. रसायनं कोरडी ठेवायचं ते जाड काचेचं भांडं. त्याच्या तळाशी निळे दाणे असतात. ओल शोषली की ते गुलाबी होतात. मग सर ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचे.

मागच्या आठवड्यात कॉलेजात गेलो. दाणे गुलाबी झाले होते. ते काम सरच करायचे, असं तिथल्या मदतनिसांनी सांगितलं. मी दाणे ओव्हनमध्ये ठेवले. निळे व्हायला वेळ लागतो. मुकुटबनची बस सोडली आणि थांबलो.