दीर्घ ‘ऊ’ आणि गावची हाक

केशोरीजवळच्या आमच्या शाळेत आज इंग्रजीतले ऱ्हस्व-दीर्घ स्वर शिकवले. पोरांना म्हटलं, दीर्घ ‘ऊ’ धानाच्या बांधीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा ओढा.

सगळ्यांनी मिळून ‘ऊऽऽऽ’ ओढला, तशा शेजारच्या शेतात धानाची रोवणी करणाऱ्या बाया काठ्या घेऊन धावत आल्या. इथे वाघ दिसला की अशीच हाक देतात. मी बाहेरगावची, मला माहीत नव्हतं.

“मॅडम, असा आवाज कायले काढून राहिले पोरं?” एका काकूंनी दरडावलं. कारण कळल्यावर हसत परत गेल्या.

संध्याकाळी तळ्याकडून तीच हाक आली. शेजारीण चूल सोडून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “तुमचेच पोरं अभ्यास करून राहिले.”

पोरं तर शिकवणीला माझ्यासमोर बसली होती.

मी ओरडले, तेव्हा कुठे माणसं तळ्याकडे पळाली. अजून कोणी परतलं नाही. हाक मात्र थांबली आहे.

उद्या वर्गात काय शिकवू, तुम्हीच सांगा.