मेंगांच्या आत्याचं गवत

मालसुनच्या बापाला आधी चार मुली होत्या. पाचवीही मुलगीच झाली तेव्हा त्याने तिचं नाव मालसुन ठेवलं, म्हणजे ही शेवटची, आता पुरे. तिच्यानंतर आणखी दोन झाल्या. "माझ्या नावाला आभाळानेसुद्धा कधी जुमानलं नाही," असं मालसुन अजून सांगते आणि स्वतःच आधी हसते.

साठीला टेकलेली ही बाई कोरियातल्या छंगयांगच्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. सकाळी सातला रबरी बूट चढवायचे, एकशे चाळीस पोरांचा भात, सूप, किमची आणि एक भाजी करायची, तीनला सुटायचं, घरी येऊन अंगणातल्या मिरच्या उलथवायच्या. पानं तांबडी झाली की स्वयंपाकघरातल्या सहाजणी मिळून बस करतात आणि एक दिवस डोंगर बघायला जातात. डोंगर बघतात अर्धा तास. बाकी सगळा वेळ बसमधल्या मधल्या वाटेत नाचतात, आणि ड्रायव्हर "आज्यांनो, बसा खाली!" म्हणून ओरडत राहतो.

"आजी कोणाला म्हणतोस रे? समोर बघून गाडी चालव!" हे ओरडणारी मालसुन.

तिचा नवरा घरातला थोरला. त्यामुळे चुसोक, म्हणजे सुगीचा सण आला की पितरांचं सगळं हिच्या ओट्यावर. तीन दिवस आधीपासून तळण, मासे, मुळ्याचं सूप. आदल्या दिवशी तांदळाची उकड मळून सोंगप्यॉन करायच्या, आत तिळाचं सारण, खाली पाइनच्या सुया अंथरून वाफवायच्या. दीर ग्यूचल आणि जाऊ मिरान इंचनहून यायची, तीही रस्त्यावरच्या गर्दीत आठ तास काढून, म्हणजे येतानाच रुसलेली. तरी यायची.

या फेब्रुवारीत नवरा गेला. आणि ऑगस्टच्या अखेरीला ग्यूचलचा फोन आला.

"वहिनी, चुसोकला यंदा आम्ही जेजू बेटावर जातोय. तिकिटं काढलीत. तुम्हालाही तेवढीच विश्रांती."

"बरं."

"आणि अजून एक. रागावू नका."

"रागवायचं असेल तर आधी जेवून घेते. बोला."

"आईबाबांच्या थडग्यावरचं गवत. एक कंपनी आहे. मोबाईलवर जागा कळवली की त्यांची माणसं जातात, गवत कापतात, आधीचा एक आणि नंतरचा एक असे फोटो पाठवतात."

"आणि नमस्कार कोण घालतं? तीच माणसं?"

"त्याचे वेगळे पडतात."

"भाऊजी!"

"खरंच सांगतोय. दारूपण ओततात."

मालसुनने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. चुसोकच्या दोन आठवडे आधीचा तो रविवार, डोंगर चढायचा, गवत कापायचं, खाली ओढ्याकाठी बसून जेवायचं, येताना चेस्टनटची काटेरी बोंडं बुटाने फोडत उतरायचं. चुसोक तर गेलाच होता. हा दिवसही गेला तर या माणसांनी एकमेकांना भेटायचं तरी कधी?

"माझ्या मयताला येणार ना?" ती म्हणाली. "की तिथेही कंपनी?"

"तसं नाही हो वहिनी. दादा होता तोवर ठीक होतं. तो पुढे, मी मागे मशीन घेऊन. वाट त्यालाच ठाऊक. डोंगरावर ना दगड ना पाटी. आता नेणार कोण?"

"मी नेते."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"एकतीस वर्षं आहे मी या घरात."

हे काही खोटं नव्हतं. फक्त त्याने विचारलेल्याचं उत्तर नव्हतं.

"ठरलं मग," ग्यूचल म्हणाला. "यंदा तुम्ही न्या. सापडलं तर चालू ठेवू. नाही सापडलं तर पुढच्या वर्षापासून कंपनी. कबूल?"

"कबूल."

फोन ठेवला आणि तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. कारण मालसुन त्या थडग्यापाशी एकदाही गेली नव्हती. सासरा तिच्या लग्नाआधीच गेलेला. सासू गेली तेव्हा हिला नववा महिना, आणि पोटुशीने मयतीच्या जागी जायचं नसतं. पुढे दरवर्षी गवताच्या दिवशी बायका खाली ओढ्याकाठी सतरंजी घालून जेवणाची मांडामांड करायच्या आणि पुरुष वर जायचे. चुसोकच्या सकाळी पूजा आटोपून घरचे पुरुष वर जायचे तेव्हा हिच्यापुढे पितळी भांड्यांचा ढीग असायचा. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी कधीच जायची नाही. कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिच्याजवळ होतं ते एवढंच: नवरा संध्याकाळी पाय धुताना जे बडबडायचा ते. ओढा ओलांडला, वाकडं पाइन लागलं, तिथून उजवीकडे, चेस्टनटच्या तीन झाडांच्या वर. काहीतरी तळत असताना ती अर्ध्या कानाने ऐकायची. आता पूर्ण कान द्यायला माणूस नव्हता.

त्या रविवारी चौघं निघाली. मालसुन, तिची मुलगी हारीम, ग्यूचल आणि मिरान. हारीम सोलला दातांच्या दवाखान्यात काम करते. पायात पांढरेशुभ्र बूट.

"हे बूट घालून डोंगर चढणार?" मालसुनने विचारलं.

"आई, स्पोर्ट्स शूज आहेत."

"खेळायला आलीयस का?"

ओढ्याशी मिरानने सवयीने सतरंजी काढली. मालसुन म्हणाली, "जाऊबाई, आज सगळेच वर." मिरानने नवऱ्याकडे पाहिलं, सतरंजीची गुंडाळी केली आणि काखेत मारली.

ओढ्यापलीकडे सगळंच नवं निघालं. वर्षभरात कोणीतरी लाकडाच्या गाड्यांसाठी कच्चा रस्ता काढला होता आणि जुनी पायवाट त्याच्या मातीखाली गेली होती. मालसुन पुढे चालत राहिली, मान ताठ, जणू पोस्टात निघालीय.

"वहिनी, इकडेच ना?"

"इकडेच."

वाकडं पाइन लागलं. जीव भांड्यात पडला. पन्नास पावलांवर दुसरं वाकडं पाइन. मग तिसरं. त्या डोंगरावर सरळ पाइन शोधावं लागलं असतं. ती तिसऱ्यापाशी उजवीकडे वळली, कारण ग्यूचलला धाप लागली होती आणि कुठेतरी वळायलाच हवं होतं. वर चेस्टनटची झाडं होती. तीन नव्हती, चार होती.

"एक नंतर उगवलं असेल," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" हारीम.

"काही नाही. हे बघा! आलं."

कमरेएवढ्या गवतात एक गोल उंचवटा होता खरा. ग्यूचलने चष्मा पुसला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"एवढं छोटं होतं?"

"पावसाने माती बसते, भाऊजी."

"बरोबर," ग्यूचल म्हणाला. त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि थोरल्या वहिनीसमोर तसं म्हणायची त्याची तयारी नव्हती.

दोन तास मशीन घरघरत होतं. मालसुन आणि मिरान कडेकडेने विळ्याने कापत होत्या, हारीम दाताळ्याने गवत ओढत होती आणि दर पाच मिनिटांनी "गांधीलमाशी!" म्हणून किंचाळत होती. उंचवटा असा दिसू लागला की नुकताच न्हाव्याकडून आलाय. मग मिरानने पेअर, सुका मासा आणि तळलेली धिरडी मांडली. ग्यूचलने तांदळाची दारू तीनदा ओतली. चौघांनी गुडघे टेकून दोनदोनदा नमस्कार घातले.

"आई," मालसुन मातीकडे बघून बोलू लागली, "थोरला तुमच्याकडे आलाय, भेटला असेल. रात्री त्याला भात जास्त वाढू नका, पित्त होतं. हारीम बरी आहे, पण लग्नाचं नाव काढत नाही. तुम्हीच काहीतरी..."

"आई, पुरे!"

"आणि बाबा, तुम्ही मला पाहिलं नाहीत. मी मालसुन. तुमची..."

"अहो बाई!" मागून आवाज आला. "आमच्या आत्याशी काय बोलताय एवढं?"

काठी टेकत एक म्हातारा वर येत होता. त्याच्यामागे पाठीवर गवत कापायचं मशीन घेतलेला पन्नाशीचा मुलगा.

ग्यूचल उठला. "आजोबा, ही आमच्या आईवडिलांची जागा आहे."

"असं? मग आमच्या आत्याच्या पोटात तुमचे आईवडील कधी शिरले?" म्हाताऱ्याने काठी उंचवट्यावर रोखली. "मेंग घराण्याची आहे ती. हिचं लग्न झालं नाही, म्हणून वेगळी, इथे. चाळीस वर्षं कापतोय मी हे गवत." त्याने उंचवट्याभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं. "यंदा बाकी माझ्याहून बरं कापलंय."

"बाबा, यांनी दारूपण ओतलीय," मुलगा म्हणाला.

"आत्या आयुष्यात प्यायली नाही. आज एकदम तीन पेले!"

कोणी हसलं नाही, कारण ग्यूचल हळूहळू मालसुनकडे वळत होता.

"वहिनी. तुम्ही तर म्हणालात ठाऊक आहे."

मालसुनने हातातला विळा खाली ठेवला. "नव्हतं ठाऊक."

"म्हणजे विसरलात?"

"विसरायला आधी बघावं लागतं. मी कधी आलेच नाही वर."

"असं कसं? दर चुसोकला आपण सगळे..."

"तुम्ही सगळे. मी भांडी घासत होते, भाऊजी."

ग्यूचल बोटं मोजू लागला. तो मनातल्या मनात एकेक वर्ष उलटत असावा आणि एकाही वर्षात त्याला वहिनी सापडत नसावी.

"मीही फक्त एकदाच आलेय," मिरान म्हणाली. "नवी नवरी होते तेव्हा. तेव्हाही यांच्या पाठीकडेच बघत होते. आणि तुम्ही वहिनींना काय बोलताय? तुम्ही तर दरवर्षी यायचात! स्वतःच्या आईची जागा तुम्हाला नको ओळखायला?"

"दादा पुढे असायचा..."

"आणि तुम्ही मोबाईलमध्ये."

म्हातारा मेंग इतका वेळ टक लावून पाहत होता. "थांबा, थांबा. एक उंच माणूस यायचा तो तुमचाच का? खांद्यावर पिवळा टॉवेल, एकटाच मोठ्याने बोलत चालायचा?"

"माझा नवरा," मालसुन म्हणाली.

"यंदा नाही आला?"

"फेब्रुवारीत गेला."

म्हाताऱ्याने टोपी काढली. मग पुन्हा घातली आणि काठीने डोंगराची धार दाखवली. "त्या कड्याच्या पलीकडे आहे तुमचं. चला, मी दाखवतो. एकटी गेलात तर एखाद्या बड्या घराण्याच्या थडग्यांवर मशीन चालवाल, आणि ते माझ्यासारखे गरीब नाहीत."

कड्यापलीकडे खरोखर एक वाकडं पाइन होतं, आणि वर चेस्टनटची तीन झाडं, मोजून तीन. त्यांच्यामध्ये रुंद, जोडीचा उंचवटा, गवत छातीपर्यंत. ग्यूचलने मशीनची दोरी ओढली. पुन्हा ओढली. पेट्रोल सगळं आत्याला लागलं होतं.

"द्या इकडे," मेंगांचा मुलगा म्हणाला आणि स्वतःचं मशीन सुरू केलं. "आमचं काम तुम्ही केलंत. आता माझे हात रिकामेच आहेत."

ते चालू असताना मालसुन दिराजवळ गेली.

"शब्द म्हणजे शब्द, भाऊजी. सापडलं नाही मला. द्या तुमच्या कंपनीला."

"कंपनी?" म्हाताऱ्याचे कान तिखट होते. "तीन वर्षांपूर्वी माझी कंबर धरली होती, तेव्हा आमच्या धाकट्याने दिलं होतं कंपनीला. फोटो आले, झकास. मी बघतो तर काय, चेस्टनटची झाडं तीन! आमच्याकडे चार आहेत. तुमचं कापून गेले ते, आणि आमची आत्या त्या वर्षी तशीच झिपरी राहिली."

ग्यूचल वळला. "तीन वर्षांपूर्वी? वहिनी, त्या वर्षी दादा धावतच खाली आला होता ना? म्हणाला, कोणी देवमाणूस आधीच कापून गेलाय!"

"आणि आम्हाला अकरा वाजताच जेवायला बसवलंन," मिरान म्हणाली. "भूक नसताना."

आता मात्र ग्यूचलला हसू आवरेना. खाली बसून, गुडघा धरून तो हसत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना. मिरानने काखेतली सतरंजी अंथरली आणि त्याला तिच्यावर सरकवलं.

गवत निघालं. बाटलीत जेमतेम एक पेला उरला होता. तो ग्यूचलने वहिनीच्या हातात दिला. थोरल्याचं ओतायचं काम असतं, आणि थोरलं म्हणून आता तीच उरली होती. मालसुनने ओतला, दोनदा नमस्कार घातला, आणि बराच वेळ उठलीच नाही. मघाशी सांगून झालेलं सगळं पुन्हा सांगायचं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी पित्ताचं तेवढं पुन्हा सांगितलं.

मग सतरंजीवर सहाजण बसले. मेंग म्हाताऱ्याने मिरानची धिरडी चार खाल्ली आणि आत्याच्या वाट्याची म्हणून पाचवी.

"कंपनीला मी नाही म्हणून कळवतो," ग्यूचल खाता खाता म्हणाला. "चुकायचंच आहे तर आपण चुकू. पण वहिनी, चुसोकला मात्र आम्ही जेजूलाच. तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत."

"जा की. येताना संत्री आणा."

"आमचा दिवस हाच असतो," म्हातारा म्हणाला. "चुसोकच्या आधीचा दुसरा रविवार. तुमचाही हाच आहे, तो बदलू नका. नजरेसमोर असलात म्हणजे बरं."

हारीमने मोबाईल काढला. तिचे बूट एव्हाना मातीच्या रंगाचे झाले होते. "जागेची खूण टाकतेय नकाशावर. तारीखही टाकते, पुढच्या वर्षीची, सगळ्यांना जाईल. आजोबा, तुमचा नंबर सांगा. किती वाजता टाकू, काका? नऊ?"

"नऊ बरं," ग्यूचल म्हणाला.

"आठ टाक," मालसुन म्हणाली. "नऊ टाकलंस की तुझे काका अकराला उगवतात."