वाक्यात उपयोग करा

ती वही मी न विचारता उघडली आणि डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवली. वही आमच्या ऑफिसातल्या शिपाई बाईंची होती. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही. खरं तर वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्यांचा नवरा आमच्याकडेच शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं होतं.

सोलापूरच्या आमच्या ऑफिसात शिपायाला कारकून व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. तिच्यात इंग्रजीचा पेपर असतो: शब्दाचा अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. त्या अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, शाळा मराठीतून, इंग्रजीची भीती. रोज दुपारी मोबाईलवरून पाच शब्दांचे अर्थ उतरवायच्या आणि मला विचारायच्या, "भाऊसाहेब, वाक्य कुठनं आनू?"

"गाइडातली पाठ करू नका," मी म्हणालो होतो. "स्वतःच्या घरातलं वाक्य करा. शब्द जन्मात विसरणार नाही."

त्यांनी ऐकलं. सहा महिन्यांत वही भरत आली. साहेबांनी एकदा ती चाळली आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्षी बाई तुमच्या शेजारच्या खुर्चीवर दिसणार." ते मला खुपलं. ज्यांना हाक मारून मी पाणी मागायचो, त्या माझ्या बरोबरीने बसणार!

त्या दिवशी त्या टपाल द्यायला खाली गेल्या होत्या. वही माठाशेजारच्या स्टुलावर होती. आम्ही पाचजण डबे उघडून बसलो होतो. मी वही उचलली.

"टायर्ड. म्हणजे थकलेला. माय लेग इज टायर्ड. ऑफिस हॅज थ्री फ्लोअर."

"एकच लेग? दुसरा कुठंय?"

"दुसरा ताजा हाय की!"

"ऐका, ऐका. बॉरो. नेबर बॉरो माय मिक्सर. नॉट गिव्ह."

एकाला शेंगाचटणीचा ठसका लागला. मी पान उलटलं. पुढचा शब्द रिलीफ. खाली सुबक अक्षरात अर्थ: त्रास थांबल्यावर वाटणारी मोकळीक. त्याखाली वाक्य: माय हजबंड डाय. आय फील रिलीफ.

मी तेही वाचलं. मुद्दाम बारीक आवाज काढून, त्यांच्यासारखा.

आमच्यात त्यांचा थोरला दीरही जेवत होता. तो ऑफिसच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याला इंग्रजी येत नव्हतं. हसत हसतच म्हणाला, "मराठीत सांगा की!"

थांबता आलं असतं. मी मराठीतही सांगितलं.

दारात त्या रिकामी पिशवी घेऊन उभ्या होत्या. दीर हात न धुताच उठला.

"माझा भाऊ मेला आन तुला मोकळं वाटलं व्हय गं?"

नवरा पिऊन त्यांना मारायचा हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, दिरालाही. एकानेही तोंड उघडलं नाही. मी उघडलं, ते वहीवर बोट ठेवून एवढं म्हणायला, "डाइड पाहिजे, मावशी. भूतकाळ."

त्या वर्षी त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरला नाही. सासरच्यांनी लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. वहीची उरलेली कोरी पानं फाडून त्या चहाच्या ग्लासांखाली ठेवू लागल्या. ती पानं संपेपर्यंत रोज एक माझ्या टेबलावर यायचं.

दोन वर्षांनी पुन्हा फॉर्म निघाले, तेव्हा मी माठापाशी जाऊन हळूच म्हणालो, "मावशी, तेव्हा माझं चुकलं."

त्या ग्लास विसळत होत्या. "आता हळू बोलताय व्हय? वाचताना लई मोठ्यानं वाचलं व्हतं की."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी उभा राहिलो. तेच पाचजण होतो. दीर समोर होता, त्या पाण्याचा जग घेऊन दाराशी. मोठ्याने म्हणालो,

"यांची वही मी चोरून वाचली. या माझ्या बरोबरीला येतील, हे मला सहन होत नव्हतं, म्हणून तुमच्यासमोर यांचं हसं केलं. घरी यांना मार बसत होता तेव्हा आपण सगळे गप्प राहिलो, आणि यांनी खरं लिहिलं तेव्हा मी ते चव्हाट्यावर आणलं. ताई, मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."