हात मागे बांधून

आज मी केमिस्ट म्हणून उभा आहे तो डोंबिवलीच्या आमच्या लॅबमधल्या मॅडममुळे. त्या ठाण्याच्या वर्तकनगरहून यायच्या. नवख्याला शिकवताना स्वतःचे दोन्ही हात मागे बांधायच्या आणि मशीनला बोटही लावायच्या नाहीत.

कारखान्यातून बाहेर सोडायच्या पाण्यात सॉल्व्हंट, म्हणजे रासायनिक द्रावक, उरलंय का, हे आम्ही जीसी मशीनवर तपासायचो; त्यात सिरिंजने नमुना टाकला की त्याची वाफ होते आणि त्यातली रसायनं आलेखावर सुळक्यांसारखी उमटतात. एकदा मला ते सापडलं, आलेखात उंच सुळका आला. माझा रिपोर्ट तसाच गेला तर प्लांट थांबणार होता. मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"साधं शुद्ध पाणी टाक बघू."

टाकलं. आलेखात तोच सुळका!

"मॅडम, मशीन बिघडलंय."

"अरे, ते बिचारं खरं बोलतंय. तूच त्याच्या तोंडात मोठा घास कोंबतोयस. पाण्याची वाफ केवढी फुगते! नमुना टाकायच्या त्या इंजेक्टरमध्ये मावत नाही, उतू जाते. तुलनेसाठी आधी टाकलेलं सॉल्व्हंट कडेला चिकटून राहतं आणि पुढच्या नमुन्यात दिसतं."

इंजेक्टर साफ करून मी निम्मंच पाणी टाकलं. सिरिंज भरायला मला वेळ लागला, तरी त्यांनी ती माझ्याकडून घेतली नाही. रेघ सरळ आली. मग कारखान्याचं पाणी टाकलं. तेही स्वच्छ निघालं.

त्या निवृत्त झाल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं:

"मॅडम, सादर नमस्कार. आज आमच्या नव्या मुलीला शुद्ध पाण्यातही सुळका दिसला. मी हात मागे बांधून उभा राहिलो. एकदा हात सुटलाच होता, पण परत मागे नेला. निम्मंच पाणी टाकायचं, हे तिचं तिनेच शोधलं."