नर्मदेच्या नावेवर फेरोचा झेंडा

सुरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या बाजारात पपई निवडत होतो. फोन खिशात टाकला आणि पुन्हा पपया चाचपू लागलो... हातांना दुसरं काही सुचेना. त्याला आता दीड महिना होईल. तेराव्यानंतर वहिनींनी आठवण म्हणून त्याचा झेंडा माझ्या हाती दिला, आणि तेव्हापासून मला घरात स्वस्थ बसवत नाही.

सुरेश माझा जुना मित्र, कळसाडीचा. घरी कापूस, ऊस. हा मात्र सातपुड्यात, नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या शाळेवर मास्तर. धरणाच्या पाण्याने तिथल्या टेकड्यांची बेटं केलेली, शाळेत जायचं ते नावेनेच. त्यामुळे की काय, त्याला बेटांचं भारी वेड, त्यातही फेरो बेटांचं. डेन्मार्कच्या अखत्यारीतला, पण आपला कारभार आपणच पाहणारा तो मुलूख. "झेंडा राजानी नही दिन्हा, शिकनारा पोरेसनी करा," तो रंगात येऊन सांगायचा. कोपनहेगनला शिकणाऱ्या पोरांनी तो रेखला, गावी नेऊन एका लग्नात फडकवला. पांढरा रंग म्हणजे लाटांचा फेस आणि स्वच्छ आभाळ, त्यावर निळ्या काठाचा लाल क्रूस. डेन्मार्कच्या सरकारने बरीच वर्षं तो मानला नाही. मग महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या हाती गेला, तेव्हा फेरोच्या बोटी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून ब्रिटिशांनी तोच लावू दिला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की तो सुरू झाला की मी चहा मागवायचो.

मुलांना दाखवायला त्याने वहिनींकडून तसाच झेंडा शिवून घेतला आणि शाळेच्या नावेवर लावला. निळा काठ पडला बारीक. लांबून दिसायचा तो फक्त पांढऱ्यावरचा लाल क्रूस. दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या पाड्यातले लोक आजाऱ्याला झोळीत घालून काठावर हजर. त्यांना वाटलं, दवाखान्याची नाव आली. त्याने हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "त्यासले काय सांगू, हाऊ दूरना देशना झेंडा शे?" त्याने आजाऱ्याला दवाखान्यात पोचवलं, आणि मग तोच रिवाज पडला. पुढच्या फळीवर हा बसलेला, वर झेंडा... दिसला की झोळी खाली उतरायची. शाळा उशिरा भरायची, साहेबांची बोलणी खायचा, पण झेंडा काही काढायचा नाही. सुट्टीत धुवायला म्हणून घरी आणला, आणि त्याच सुट्टीत छातीत दुखून गेला.

गेल्या आठवड्यात नावाडी जामसिंगचा फोन आला. "सर, झेंडा नाही तर लोक खाली येत नाहीत. आपली नाव ओळखत नाहीत." मला रागच आला. त्याची म्हणून एवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. कपाट उघडायचो, पुन्हा लावायचो... शेवटी झेंडा पिशवीत घातला आणि निघालो.

जामसिंगने तो बांबूला बांधला. आम्ही निम्म्या पाण्यातही गेलो नव्हतो, तोच पलीकडच्या उतारावरून दोघे झोळी घेऊन येताना दिसले. झोळीत एक म्हातारी. नाव काठाला टेकली तशी तिने झेंड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि जामसिंगला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"गुरुजी कुठं आहे, विचारते."

नावेत दुसरीकडे जागा नव्हती. पुढची फळी तेवढी रिकामी होती, झोळी आम्ही तिच्यावर ठेवली.